दमलेला आवाज

रविवार, २

मोठ्या स्पूलच्या जुन्या टेपरेकॉर्डरचा खरा हिशेब असा. भंगारवाल्याने मशीन जवळजवळ फुकटच दिलं. पण ते घरी आलं आणि जेवणाचं टेबल गेलं. तेव्हापासून आम्ही दोघं स्वयंपाकाच्या ओट्याशी उभ्याने जेवतो. डाव्या अंगठ्याचं नख गेलं. बायकोचं केस वाळवायचं यंत्र गेलं (आत गोठलेलं ग्रीस पातळ करायला दुसरं काय वापरणार?). वर बायकोचा दोन आठवड्यांचा अबोला. छातीत स्प्रिंग बसवल्यावर डॉक्टर म्हणाले होते, गाड्यांचं आवार विसरा, एखादा शांत छंद लावून घ्या. या शांत छंदापायी रक्तदाबाची एक गोळी वाढली.

तरी आज दुपारी मशीन चाललं. दोन्ही रिळं फिरली, कुठे कुरकुर नाही. जुन्या गाड्या विकण्यात हयात गेली माझी. बॉनेट न उघडता नुसतं इंजिन ऐकून मी गाडीची किंमत सांगत आलोय. माणूस खोटं बोलतो, मीटर मागे फिरवता येतो, पण आवाजाला सोंग जमत नाही. माझ्या कानाला आजवर कुणी फसवलेलं नाही, हे मी गर्वाने नाही, धंद्याच्या अनुभवाने लिहितोय.

पहिली टेप अर्थात आईची. मी चार वर्षांचा असताना आई नर्सच्या नोकरीवर परदेशी गेली. मला मावशीने वाढवलं. पत्रापेक्षा बरं म्हणून आईने तिकडून एक टेपरेकॉर्डर पाठवला आणि मग अधूनमधून टेपा. आम्ही इकडून बोलून पाठवायचो, ती तिकडून. तिसरं वर्ष पुरं व्हायच्या आत ती तिकडेच आजारी पडून गेली. राबून राबून गेली, मावशी सांगायची. चेहरा मला फोटोतला माहीत आहे आणि आवाज टेपमधला. तिने पाठवलेलं मशीन मी विशीत असताना बंद पडलं. तेव्हापासून तो आवाज ऐकलेला नाही, पण विसरलेलोही नाही. सावकाश, जड, एकेक शब्द उचलून ठेवावा तसा. दमलेला.

आज टेप लावली तर भलतीच कुणी पोरगी बोलायला लागली. बारीक आवाज आणि भराभर. लगेच बंद केली. मशीन पळतंय. वेग उतरवावा लागणार.

मंगळवार, ४

लेथवाल्याकडे मोटरची पुली घेऊन गेलो. म्हटलं, घासून बारीक कर. तो विचारतो, "किती?" म्हटलं, "थोडी घास, मी घरी लावून ऐकतो, मग परत येतो." तो म्हणाला, "काका, माप द्या की. ऐकून कुणी पुली घासतं का?" मी हसलो. मापावर चालणाऱ्यांनी माझ्याकडून किती फुटक्या गाड्या नेल्यात ते त्याला काय सांगू!

तीन खेपा झाल्या. जिने चढून छाती भरून आली.

संध्याकाळी लेक आली. चहा पिता पिता सांगून टाकलं. कंपनी तिला दोन वर्षांसाठी बाहेरच्या शाखेत पाठवतेय. महिनाअखेरीस उत्तर द्यायचंय. नवरा इथेच राहणार, मुलगा इथेच. नातू सहा वर्षांचा आहे.

"तुला जायचंय?" मी विचारलं.

"जायचंय बाबा."

पण 'बाबा' म्हणताना आवाज जरासा खाली गेला. मी ऐकला. तिला जायचं नाहीये. जायला हवं असं वाटतंय, एवढंच.

बायको म्हणाली, "जा गं. आम्ही आहोत की."

बुधवार, ५

आज चौथ्या खेपेला जमलं. टेप लावली आणि आई बोलली. चाळीस वर्षांनी. मी स्टुलावर बसून होतो तो बसूनच राहिलो.

"पिल्लू... मी... मजेत... आहे..."

शब्द म्हणतात मजेत. गिऱ्हाईकाला गाडी दाखवणारा मालकही हेच म्हणतो. मी शब्द ऐकत नाही, इंजिन ऐकतो. दिवसरात्र उभं राहून पायाचे तुकडे पडल्यावर माणूस असं बोलतो. मध्येच ती हसायचा प्रयत्न करते तर हुंदका आल्यासारखं होतं. मागे कुणाच्या तरी रेडिओवर मर्तिकाला शोभेल असं गाणं चाललेलं. खिडकीखालून गाडी जाते, तिचा भोंगासुद्धा म्हैस हंबरल्यासारखा. भोंगा ओळखीचा वाटला पण गाडी आठवेना. असं माझं कधी होत नाही. वय झालं.

एके ठिकाणी ती मावशीला म्हणते, "ताई, तुम्ही सगळे इतक्या घाईत का बोलता गं? तुमची काय गाडी सुटतेय का? आणि पिल्लू तर नुसतं चिवचिवतंय." लहानपणी मला हे ऐकून राग यायचा. आता कळतं. दमलेल्या माणसाला सगळं जग घाईत असल्यासारखं वाटतं.

या आवाजानेच मला कधी बसू दिलं नाही. आवारात पहिली गाडी उभी केली त्या दिवसापासून एक सुट्टी घेतलेली आठवत नाही. जरा टेकलो की तो आवाज. कुणीतरी आपल्यासाठी एवढं झिजलंय, मग आपण कसे लोळणार?

लेकीला ही टेप ऐकवायची. मी काही बोलणार नाही. आजीच बोलेल.

शुक्रवार, ७

माझा मित्र रेडिओवाला येऊन मशीन बघून गेला. एकेकाळी त्याचं दुकान चालायचं, आता सुटे भाग विकून आणि गप्पा मारून दिवस काढतो. त्याने खिशातून स्वतःची एक नाचगाण्याची टेप काढून लावली. दोन मिनिटं ऐकली आणि म्हणाला, "अरे, हे गाणं झोपेतून उठलंय की झोपायला चाललंय?"

मी म्हटलं, "तुझी टेप ताणली असेल."

"माझी टेप ताणली, आणि तुझं मशीन तेवढं बरोबर. वा!"

"कानाने लावलाय वेग."

"तुझा कान म्हणजे काय सरकारी काटा आहे का?"

चहा पिऊन गेला. त्याच्या टेपा तशाही ओल धरलेल्या कपाटात असतात.

जाताना आईच्या जुन्या मशीनचा विषय निघाला. म्हणाला, तेही उघड, तेवढाच वेळ जाईल. मोटर जाम झाली असेल, दुसरं काही नाही. "तिकडचं मशीन आहे ना? व्होल्टेज उतरवायचा डबा लावतोस ना? मग झालं तर."

रविवार, ९

लेकीला ऐकवली.

दुपारी ती एकटीच आली. बायको जाणूनबुजून शेजारी निघून गेली, जाताना कानाशी पुटपुटली, "टेपरेकॉर्डर दुरुस्त करताय की लेकीला?" मी ऐकलं नाही असं दाखवलं.

लेक समोर बसली. आई बोलत होती. लेकीने आधी हनुवटीला हात लावला, मग तोंडावर नेला. भोंगा गेला, मर्तिकाचं गाणं गेलं. "पिल्लू... लवकर... येते... हं..." इथे आई थांबते. खूप वेळ. रीळ फिरत राहतं.

टेप संपली तेव्हा लेक म्हणाली, "आजी अशीच बोलायची?"

"अशीच."

"किती दमलीये."

गाडी विकताना शेवटची दोन मिनिटं तोंड उघडायचं नसतं. गिऱ्हाईक स्वतःच बोलतं.

"अठ्ठावीस वर्षांची होती ना? माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान." मग बराच वेळ नखाने टेबलावरचं ग्रीस खरवडत राहिली. "नाही म्हणून कळवते मी त्यांना. महिनाअखेरीस कळवायचंच आहे."

उठून गेली. चपला घालताना माझ्याकडे बघितलं नाही.

सोमवार, १०

जमलं. पण आनंद काही झाला नाही. दिवसभर अंग मोडून आल्यासारखं. व्यवहार जमला की मी मेकॅनिकला, रंगवाल्याला, सगळ्यांना चहा पाजायचो. आज एकटाच प्यायलो, तोही गार.

बायको ओट्याशी उभी राहून म्हणाली, "मी काल जिन्यातून ऐकलं. अठ्ठावीसची बाई अशी बोलते होय? माझी आजी नव्वदीत याहून टवटवीत बोलायची."

"तुझ्या आजीने परक्या देशात रात्रपाळ्या केल्या होत्या का?"

"नाही. पण माझ्या आजीची सून रोज म्हणायची, आता तरी थका."

हिच्यापुढे मला आजवर एकही गाडी विकता आली नसती.

शनिवार, १५

आईचं मशीन उघडलं. मोटर खरंच जाम होती. तेल, रॉकेल, परत तेल, दोन दिवस तसंच ठेवलं. आज दांडा बोटाने फिरला. पट्टा नवा घातला, व्होल्टेजचा डबा जोडला, आईची टेप लावली. तोच आवाज! मोठ्यावर येतो तोच, तसाच जड, तसाच सावकाश. दोन वेगवेगळी मशीनं एकच साक्ष देतात म्हटल्यावर विषय संपला. रेडिओवाल्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "दोघांपैकी एका साक्षीदाराला तू लेथवर पढवून आणलंयस." बोलण्यात हरणार नाही हा माणूस.

झाकणाच्या आतल्या बाजूला दोऱ्याने बांधलेली एक पितळी नळी सापडली. बोटाच्या पेराएवढी, आरपार भोक, एका बाजूला बारीक स्क्रू. आपल्याकडे बुश म्हणतात तसलं काहीतरी. मशीनमध्ये कुठे जागा रिकामी दिसली नाही. जास्तीचा भाग असावा. ड्रॉवरमध्ये टाकली.

मंगळवार, १८

ड्रॉवरमधली पितळी नळी बायकोने न्हाणीघराच्या पडद्याच्या दोरीला ओझं म्हणून बांधली. म्हटलं, राहू दे.

लेकीचा फोन नाही. जावयाचा आला. फार सभ्य माणूस. म्हणाला, "बाबा, ती हल्ली काही बोलत नाही. तुमच्याकडे काही झालं का?" म्हटलं, नाही रे, काय होणार?

शुक्रवार, २१

आज आवारात गेलो. नुसता चहा प्यायला, डॉक्टरांना शपथेवर सांगेन. तिथे एक म्हातारा गृहस्थ आपली जुनी लांबलचक गाडी विकायला घेऊन आलेला. बाहेरून आलेली, जुन्या काळातली. आता दिसत नाहीत. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी अशा दोन-तीन विकल्या होत्या. मेकॅनिकने सवयीने दिवे बघितले, ब्रेक बघितला आणि भोंगा दाबला.

दोन सुरांचा भोंगा. शेवटी किंचित फाटतो. खणखणीत.

मी खुर्चीतून उठलो. मेकॅनिक घाबरला. "शेठ, छातीत दुखतंय का?"

"नाही रे. परत वाजव."

त्याने परत वाजवला. म्हटलं, अजून एकदा. गृहस्थ म्हणाले, "भोंग्याचे वेगळे पैसे देणार आहात का?"

तोच भोंगा. आईच्या खिडकीखालून जातो तो. दोन सूर तेच, शेवटचं फाटणं तेच. फक्त टेपमध्ये तो खाली आहे. बराच खाली. म्हशीसारखा.

माणसाचा आवाज दमतो. भोंगा कसा दमेल?

शनिवार, २२

रेडिओवाल्याच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. आधी हसला. मग हसता हसता थांबला आणि डोकं खाजवायला लागला.

"तिकडची वीज साठची असते."

"व्होल्टेजला डबा लावलाय की."

"व्होल्टेज नाही रे. वीज हेलकावे घेते ना, सेकंदाला आपल्याकडे पन्नास, तिकडे साठ. ही मोटर त्या ठेक्यावर फिरते. डबा व्होल्टेज उतरवतो, ठेका बदलत नाही." मग कपाळावर हात मारून घेतला. "आणि मीच तुला म्हटलं, डबा लावला की झालं!"

म्हणजे आईचं मशीन आमच्या घरात आलं त्या दिवसापासून हळू फिरत होतं. तिकडे बरोबर वेगाने भरलेली टेप आम्ही इकडे सावकाश ऐकत होतो. आणि आम्ही हळू मशीनवर भरून पाठवलेलं तिला तिकडे भराभर ऐकू जायचं. तुमची काय गाडी सुटतेय का?

मग मी विचारलं, "वेग वाढवायला मोटरच्या दांड्यावर चढवून तो जाड करायचं काही मिळतं का?"

"अशा मशीनबरोबर कधीकधी द्यायचे. पितळी बुश."

घरी येऊन न्हाणीघराच्या पडद्याची दोरी सोडली.

रविवार, २३

बुश दांड्यावर असं बसलं की जणू वाटच बघत होतं. स्क्रू आवळला, पट्टा वर चढवला. बायकोला म्हटलं, तू पण बस. ती बसली.

भोंगा खणखणीत वाजला. मागच्या रेडिओवरचं गाणं नाचाचं निघालं. आई मध्येच त्याच्याबरोबर गुणगुणते, ते मला आजवर घशाची खरखर वाटायचं. हुंदका नव्हताच. कुणीतरी समोर बसून तोंडं वेडावत असणार, कारण ती हसू आवरत बोलतेय आणि तिला ते आवरत नाही. "आज सुट्टी, सकाळपासून लोळतेय. काल बर्फावरून अशी घसरले ताई, लोक उचलायला धावले आणि मी आपली बसून हसतेय!" हे शब्द मला पाठ आहेत. मी त्यांच्यावर कधी विश्वास ठेवला नाही.

"पिल्लू, लवकर येते हं." इथे ती थांबते. ते थांबणं काही गेलं नाही. फक्त लहान झालं.

टेप संपली. बायको पदराने डोळे पुसत होती आणि हसतही होती. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मग तुम्ही कुणासाठी दमलात?"

मी टेप मागे फिरवून परत लावली.

मंगळवार, २५

लेकीला सांगायचं की नाही?

न सांगितलं तर ती राहील. नातू राहील, म्हणजे तसाही तो इथेच आहे, पण आईसकट राहील. जड टेप खोटी थोडीच होती, मी तीच ऐकत मोठा झालो. असं सगळं मनाशी बोलून झालं. गाडीचा मीटर मागे फिरवणारे माझ्यासमोर बसून हेच बोलायचे, शेठ, गाडी तर तीच आहे ना?

मी कधी मीटर फिरवला नाही. आवारात पाटीच लावलीय तशी.

दिवसभर पडून होतो. बायकोने दोनदा कपाळाला हात लावून बघितला.

गुरुवार, २७

लेकीला बोलावलं. म्हटलं, एक टेप ऐकायची आहे. ती म्हणाली, "परत? बाबा, मी नाही म्हणणार आहे त्यांना. अजून किती ऐकवणार?"

"ही वेगळी आहे."

"आजीचीच ना?"

"आजीचीच. तीच टेप."

ऐकली. भोंगा जाताना मी बोट वर केलं, तिला काय कळणार? पण आजी हसली तशी लेकही हसली. नकळत, तोंडावर हात न ठेवता. दोघींचं हसणं एकाच ठिकाणी वर चढतं. हे ऐकायला मला आयुष्यात इतका उशीर लागला.

मग मी सगळं सांगितलं. विजेचा ठेका, बुश, मोठ्याची घासलेली पुली. काही लपवलं नाही. ती ऐकत राहिली.

"म्हणजे तुम्ही माझ्यासाठी मशीन हळू केलंत?"

"तेव्हा मला बरोबरच वाटलं होतं."

"आणि मी 'जायचंय' म्हटलं होतं तेव्हा काय ऐकलंत?"

"आवाज. जरा खाली गेला होता."

"घाबरले होते म्हणून गेला, बाबा. जायचं नव्हतं म्हणून नाही." उठून माझ्या शेजारी येऊन बसली. "आता जरा शब्द ऐकत जा. मला जायचंय."

"बरं."

"तुम्ही त्याला शाळेतून आणाल?"

"आणीन."

"आणि आवारात जाणार नाही?"

"चहा प्यायला—"

"बाबा."

"नाही जाणार."

शनिवार, २९

लेकीने काल हो कळवलं. दोन महिन्यांनी निघेल. नातवाला विचारलं तर म्हणाला, येताना काय आणणार ते आधी ठरवा.

जेवणाचं टेबल मोकळं केलं. खूप दिवसांनी आम्ही दोघं बसून जेवलो. जेवून झाल्यावर मी तसाच आडवा झालो, भरदिवसा, आणि कुणी उठवलं नाही.

चार वाजता लेथवाल्याकडे गेलो. म्हटलं, पुली परत होती तशी कर. तो म्हणाला, "काका, घासलेलं परत चढत नाही. नवी करावी लागेल. या वेळी माप द्या."

माप माझ्याकडे नव्हतं. रेडिओवाल्याने त्याच्या पुस्तकातून काढून दिलं. ते घासण्याआधीच्या मूळ पुलीचंच निघालं; न घासलेली कड त्याच मापाची होती. मोठं मशीन पहिल्या दिवसापासून बरोबर चाललं होतं.